पेटीच्या तळातला दगड

अकोल्यात जठारपेठेत एका किराणा दुकानाच्या माडीवर माझं दहा बाय चौदाचं ऑफिस आहे. तिथे बसून एकवीस वर्षं मी लोकांना शेअर घेऊन देतो आणि विकून देतो. मी दलाल नाही. दलाल मुंबईत आहे, मी त्याचा अकोल्यातला माणूस. ग्राहक फोनवर सांगतो किंवा समोर बसून सांगतो, मी संगणकावर सौदा टाकतो, आणि त्या सौद्यावर जी दलाली लागते तिच्यातले शंभरापैकी साठ रुपये मला मिळतात. ग्राहकाला फायदा झाला तरी साठ आणि तोटा झाला तरी साठ. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

या अंकाच्या संपादकांनी मला धंद्यातल्या गमतीदार ग्राहकांबद्दल लिहा म्हटलं होतं. तसे आहेत. अमरावतीच्या एक बाई शेअर घेतले की दर वेळी त्याचा कागद मागायच्या. आता कागद नसतो, सगळं संगणकात असतं, हे मी त्यांना पाच वेळा समजावलं. त्या म्हणाल्या, "दिसत नाही ते आपलं कसं व्हईल?" शेवटी मी खात्याचा उतारा छापून दिला. तो त्यांनी काच लावून देवघरात ठेवला. निवृत्त झालेले एक मास्तर रोज बाजार उघडला की फोन करतात, भाव विचारतात, माझ्याशी त्यावर वाद घालतात आणि ठेवून देतात. चौदा वर्षांत त्यांनी एकही शेअर घेतलेला नाही. त्यांच्याबद्दल आणखी पुष्कळ लिहिता येईल. पण लिहायला बसलो की मला तांब्याचं वर्षच आठवतं, म्हणून तेच लिहितो.

तांब्याचा भाव वर चाललाय हे वऱ्हाडात आम्हाला वर्तमानपत्रावरून कळलं नाही. आधी विहिरींवरून कळलं. अकोट-तेल्हारा भागात चोर रात्रीतून मोटारपंपांच्या केबली कापून नेऊ लागले. कुठे मोटारच उचलून न्यायचे, आतलं वेटोळं काढून घ्यायचे आणि लोखंडी खोका बांधावर टाकून द्यायचे. हिवरखेडचे शरीफ मिस्त्री मोटारी भरून देण्याचं काम करतात, म्हणजे जळालेलं वेटोळं काढून तांब्याची नवी तार गुंडाळतात. ते माझे जुने ग्राहक. ते म्हणाले, "परकाशभाऊ, पंधरा दिवसाले तारेचा भाव बदलून राह्यला. गिऱ्हाइकाले एक रेट सांगतो, तार आनेपर्यंत तो रेट गेला." त्यानंतर टीव्हीवरचे लोक सांगू लागले की विजेच्या गाड्यांना तांबं लागतं, सौर पट्ट्यांना लागतं, सगळ्या जगाला लागतं आणि खाणी पुरणार नाहीत. हे खोटं नव्हतं. मी स्वतः त्या वर्षी तांबं काढणाऱ्या एका जुन्या कंपनीचे थोडे शेअर घेतले आणि मला त्यात बरे पैसे मिळाले.

पण खाण असलेली कंपनी वेगळी आणि खाण शोधणारी कंपनी वेगळी. बाहेरच्या माणसाला हे माहीत नसतं, म्हणून सांगतो. शोधणाऱ्या कंपनीकडे खाण नसते. सरकारने दिलेला परवाना असतो, एक डोंगर असतो आणि डोंगराला भोकं पाडायचं यंत्र असतं. किती भोकं पाडली, किती खोल पाडली आणि आतून निघालेल्या दगडात तांबं किती, या तीन आकड्यांत अशा कंपनीचं सगळं येतं. शंभर किलो दगडातून एक किलो तांबं निघालं तरी ती खाण चांगली समजतात. उरलेले नव्व्याण्णव किलो नुसते दगड.

अशी एक कंपनी तीन वर्षांपूर्वी भांडवल उभं करायला निघाली. नाव लिहीत नाही. लहान कंपन्यांसाठी शेअर बाजारात वेगळा फळा असतो, त्यावर ती येणार होती. शेअरचा भाव एकशे अठरा रुपये, आणि एकदम हजार शेअर घ्यायचे, कमी नाही. म्हणजे एक लाख अठरा हजारांखाली अर्जच नाही. कंपनीच्या वतीने हे विकायला नेमलेला एक माणूस नागपूरहून आला. तो आमच्यासारख्यांना दर अर्जामागे तीनशे रुपये देणार होता. त्याने अमरावतीला एका हॉटेलच्या हॉलमध्ये सभा ठेवली, जेवणासकट.

मी हिवरखेडच्या बारा जणांना घेऊन गेलो. खरं म्हणजे मी नेलं नाही, शेषरावभाऊंनी नेलं. शेषरावभाऊ कोण, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ते कापसाचे ग्रेडर होते. कापूस खरेदी केंद्रावर शेतकरी गाडी घेऊन यायचा तेव्हा त्या कापसाला कोणता दर्जा द्यायचा हे ग्रेडर ठरवायचा. दर्जावर भाव ठरायचा. वर्षभराच्या मेहनतीचं काय होणार, हे त्या माणसाच्या दोन मिनिटांच्या पाहण्यावर असायचं. गाडीत वर चांगला पांढरा कापूस आणि खाली ओला, किडीने पिवळट पडलेला कवडी किंवा शेवटच्या वेचणीचा फरतड भरायचा, ही युक्ती सगळ्यांना माहीत. म्हणून शेषरावभाऊ वरचा कापूस पाहायचेच नाहीत. बाही दुमडायची, गाडीच्या मध्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातून मूठभर काढायचा, बोटांनी तंतू ओढून पाहायचा आणि मग दर्जाची चिठ्ठी द्यायची. सख्ख्या साळ्याची गाडी त्यांनी फरतड म्हणून काढली होती. साळा चार वर्षं बोलला नाही. गावात त्यांच्याबद्दल दोन मतं नव्हती. ते निवृत्त झाल्यावरही कापसातली सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात व्यापारी आणि शेतकऱ्याचं वाजलं की दोघं मिळून त्यांना बोलावून आणायचे, आणि त्यांचा हात काय म्हणतो ते दोघं मान्य करायचे. या कामाचे ते पैसे घेत नसत. चहा घेत.

हॉलमध्ये आधी पडद्यावर चित्रं दाखवली. मग त्या नागपूरच्या माणसाने एक लाकडी पेटी टेबलावर ठेवली. हातभर खोल असेल. तीत दगड होते, हिरव्या-निळ्या रेघांचे, काही तर उजेडात सोनेरी चमकणारे. तो म्हणाला की हे आमच्या डोंगरातले आहेत, हातात घेऊन पाहा.

लोक वरचे दगड उचलून पाहू लागले. शेषरावभाऊ पुढे झाले आणि म्हणाले, "वरचा कोनीबी दाखवते. तळातला काढू का?"

"पाहिजे तिथून काढा काका," तो म्हणाला.

शेषरावभाऊंनी बाही दुमडली.  हिवरखेडच्या मंडळींना ती कृती चांगली ओळखीची होती, बाकीचे नुसतं पाहत होते. त्यांनी कोपऱ्यातून हात घातला, तळाशी चाचपडून एक दगड काढला. तो वरच्यापेक्षाही हिरवा होता. त्यांनी तो फिरवून पाहिला, नखाने खरवडला, पुन्हा हात घालून दुसऱ्या कोपऱ्यातून दुसरा काढला. तोही तसाच.

"वरचा आन तळचा माल एकच हाय," ते म्हणाले.

मागे कोणी तरी म्हणालं, "झालं मंग, चिठ्ठी भेटली." लोक हसले. शेषरावभाऊसुद्धा हसले. परतीच्या बसमध्ये कोणी दगडाबद्दल बोललं नाही. किती अर्ज भरायचे एवढंच बोलणं चाललं होतं.

त्यांची चूक काय झाली हे आता सांगणं सोपं आहे. कापसाच्या गाडीत शेतकऱ्याचा सगळा माल असतो. तळ पाहिला की माल पाहिला. पेटीत डोंगर नव्हता. पेटीत कोणी तरी निवडून भरलेले चाळीस दगड होते, आणि चाळीसही चांगले होते, कारण चाळीस चांगले दगड कोणत्याही डोंगरावर वेचून मिळतात. आयुष्यभर ज्या हाताने कोणाची लबाडी चालू दिली नाही, तोच हात त्या माणसाने फुकटात वापरून घेतला. हे शेषरावभाऊंना कळलं नाही.

मला कळलं होतं.

मी कंपनीची माहितीपुस्तिका वाचतो. लोक हसतात, पण मी पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून वाचतो. ती साडेतीनशे पानांची होती. त्यात एकशे सत्त्याऐंशीव्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की दाखवलेले नमुने निवडक आहेत, जमिनीच्या वरच्या थरातून घेतलेले आहेत, आणि सगळ्या साठ्याचा दर्जा तसाच असेल असं धरू नये. पुढच्या पानावर भोकांचा तक्ता होता. सहा भोकं. चार भोकांपुढे तांब्याचा आकडा इतका लहान होता की काढायचा खर्चही निघाला नसता. उरलेल्या दोहोंपुढे लिहिलं होतं, निकाल यायचा आहे. मी दोन्ही पानांवर पेन्सिलने रेघ मारली आणि ठरवलं की आपण अर्ज भरायचा नाही.

माझी बायको सुनंदा अमरावतीची. तिला आकड्यांत रस नाही, पण माझ्या सवयी माहीत आहेत. जेवताना तिने विचारलं, "तुमी भरला का त्या तांब्याचा?"

"नाही."

"मंग लोकायचा काहून भरून घेऊन राह्यले?"

मी म्हणालो, "ते काही लहान नाहीत. आपलं आपण ठरवतात." तिने पोळी वाढली.

हिवरखेडची मंडळी अर्ज भरायला आली. बारापैकी एकाने घरी विचारून नको म्हटलं होतं, म्हणून शेषरावभाऊ धरून अकरा. मी प्रत्येकाला म्हणालो, "यात जोखीम आहे बरं का." हे वाक्य मी दिवसातून चाळीस वेळा म्हणतो. मुदत ठेव मोडून आलेल्याला म्हणतो आणि दहा हजारवाल्यालाही म्हणतो. सगळ्यांना सांगितलेलं कोणालाच सांगितल्यासारखं होत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. पुस्तिका टेबलाच्या खणात होती. एकशे सत्त्याऐंशीवं पान उघडून समोर ठेवायला अर्धं मिनिट लागलं असतं.

का ठेवलं नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एक कारण भीड. शेषरावभाऊंनी शंभर माणसांसमोर हात घालून निवाडा दिला होता, आणि त्यांचे दहा लोक त्या निवाड्यावर विसंबून माझ्यासमोर रांगेत बसले होते. ते पान वाचून दाखवणं म्हणजे त्यांच्यासमोर 'भाऊ, तुमचा हात फसला' असं म्हणणं होतं. दुसरं कारण अकरा अर्जांचे तीन हजार तीनशे रुपये. आकड्यांत बोलायची मला सवय आहे, पण या दोन कारणांत कोणाचं वजन किती, हे मला आजही मांडता येत नाही.

प्रत्येक अर्जावर एक ओळ छापलेली असते: मी माहितीपुस्तिका वाचली असून मला ती समजली आहे. तिच्याखाली सही. शेषरावभाऊंनी विचारलं, "इथं का?" मी बोट ठेवून जागा दाखवली.

सोडतीत अकरापैकी नऊ जणांना शेअर मिळाले. पहिल्याच दिवशी भाव दीडशेवर उघडला. महिन्याभरात दोनशे एकतीस झाला. हिवरखेडहून मला पेढे आले. मी फोन करून सांगितलं की निम्मे विकून मुद्दल काढून घ्या. हे मी खरंच सांगितलं. शेषरावभाऊ म्हणाले, "परकाशभाऊ, भाव चढून राह्यला तवा कोनी कापूस इकते का? माल घरात हाय. खात नाई, पीत नाई. राहू द्या."

आमच्याकडे ही रीत जुनी आहे. भाव पसंत नसेल तर कापूस घरात भरून ठेवायचा. माणसं सहा महिने कापसाच्या ढिगाशेजारी झोपतात, अंगाला खाज सुटते, पण विकत नाहीत. बऱ्याचदा उन्हाळ्यात भाव मिळतोही, आणि नाही मिळाला तरी कापूस कापूसच राहतो. शेअरचं तसं नसतं, हे मी त्यांना सांगितलं. पण ज्याने खरं सांगायच्या वेळी सांगितलं नाही, त्याच्या नंतरच्या बोलण्यात जोर राहत नाही. उलट त्यांनी मुदत ठेव मोडून एकशे नव्वदच्या भावाने आणखी दोन हजार शेअर घेतले होते. तो सौदाही मीच टाकला. त्याची दलालीही मिळाली.

मग उरलेल्या दोन भोकांचा निकाल आला. त्यात काही नव्हतं.

या लहान कंपन्यांच्या फळ्यावर एका दिवसात भाव पाच टक्क्यांहून जास्त पडू देत नाहीत. ऐकायला हे चांगलं वाटतं. प्रत्यक्षात होतं असं की सकाळी बाजार उघडतो तोच पाच टक्के खाली, आणि विकणारे सगळे रांगेत, घेणारा कोणीच नाही. बाजार समितीत सगळे अडते एकाच वेळी दुकानाचं शटर ओढून बसले आणि गाड्या बाहेर उभ्या राहिल्या, तर जसं होईल तसं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच टक्के. भाव रोज दिसतो, पण त्या भावाने कोणी घेत नाही.

पहिले पाच दिवस शेषरावभाऊ थांबू म्हणाले. सहाव्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने ऑफिसात आले. म्हणाले, "इकून टाका."

मी सांगितलं की विकायला लावतो, पण रांग मोठी आहे. जो आधी नंबर लावेल त्याचा माल आधी जातो, तोही कोणी घेणारा आला तर.

"मंग आदी त्यायचे लावा. देवानंदचे, शरीफचे, सगळ्यायचे. माह्ये मांगून."

"भाऊ, तुमचे तीन हजार आहेत. सगळ्यात जास्त."

"म्हणूनच म्हणून राह्यलो. मांगून."

त्यानंतर रोज मी बाजार उघडायच्या आधी येऊन बसायचो. आधी आठ जणांचे, शेवटी त्यांचे. शेषरावभाऊ समोरच्या लाकडी बाकावर बसायचे आणि संगणकाकडे पाहायचे, जणू तिकडून कोणी हाक मारणार आहे. दोघांचे गेले, नुकसानीत का होईना. बाकी सात तसेच राहिले. पंचावन्न दिवस भाव रोज पाच टक्के पडला, एकाही दिवसाचा खंड नाही. पंचावन्नाव्या दिवशी तो पावणेचौदा रुपये होता. मग बाजाराने त्या शेअरचे व्यवहार बंद केले. कंपनीच्या कार्यालयाचा फोन लागेना. नागपूरचा माणूस म्हणाला की तो आता दुसरीकडे काम करतो.

माझ्या धंद्यात लोकांचे पैसे बुडतात. हे ऐकायला वाईट वाटेल, पण एकवीस वर्षांत सवय होते. हिवरखेडात मात्र आणखी एक गोष्ट झाली, ती मला शरीफ मिस्त्रींकडून कळली. त्या हंगामात जिनिंगमध्ये एका शेतकऱ्याचं आणि व्यापाऱ्याचं फरतडावरून वाजलं. कोणी तरी म्हणालं, भाऊले बोलवा. त्यावर तो शेतकरी म्हणाला, "काहाले? दगडाले कापूस म्हणनारा मानूस तो." आणि व्यापाऱ्याने ते ऐकून घेतलं. दुसऱ्या कोणाला बोलावलं. पुढे कोणीच बोलावलं नाही. शेषरावभाऊ दुपारी जिनिंगच्या फाटकापर्यंत चक्कर मारायचे, ती त्यांनी बंद केली.

हे ऐकून मला वाटलं की आपण जायला हवं. त्यांचा हात फसला नव्हता. हाताने पाहण्याची ती गोष्टच नव्हती, आणि हे मला आधीपासून माहीत होतं, असं मी गावात जाऊन सांगितलं की लोक माझ्यावर चिडतील आणि त्यांच्यावरचा राग जाईल. हा हिशेब मी बसून नीट केला. मला तो चोख वाटला.

देवानंदच्या संत्र्याच्या पॅकिंग शेडमध्ये सगळे जमले. देवानंद त्या सात जणांपैकी एक, त्याची लग्नाची बहीण घरात होती. रिकाम्या क्रेट उलट्या करून लोक बसले. शेषरावभाऊ दाराजवळ बसले. मी पुस्तिका काढली, ते पान उघडलं आणि वाचलं. मग माझ्या पेन्सिलची रेघ दाखवली आणि म्हणालो की हे मी अर्ज घ्यायच्या आधी वाचलं होतं आणि तुम्हाला सांगितलं नाही.

 मग देवानंद म्हणाला, "तुमी सोता किती भरले व्हते?"

"काहीच नाही."

"वा," तो म्हणाला. "बोहनी आमच्यावर केली."

मला शिव्या मिळाल्या. त्या मिळायलाच हव्या होत्या. एकाने पुस्तिका हातातून घेऊन क्रेटवर आपटली. मी खाली मान घालून बसलो, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं.

तेवढ्यात शरीफ मिस्त्रींनी ती पुस्तिका उचलली. पान शोधलं. ते माझ्याशी बोलले नाहीत. दाराकडे वळून म्हणाले, "भाऊ, ये कागद में पहलेसेच लिखा था?"

शेषरावभाऊंनी पुस्तिकेकडे पाहिलं.

"आन खाली आपली सही हाय का वाचलं म्हणून?"

"हाय," शेषरावभाऊ म्हणाले.

"तुमी वाचलं व्हतं?"

"नाई."

शरीफ मिस्त्री रागावले नव्हते, हेच वाईट होतं. ते म्हणाले, "आमाले वाटे, तुमाले बी फसवलं. आमी तुमच्या मांगं गेलो ना भाऊ. आमचं वाचनं म्हणजे तुमीच व्हते." एवढं बोलून त्यांनी पुस्तिका क्रेटवर ठेवली, या वेळी हळू.

मी म्हणालो की ते साडेतीनशे पानांचं असतं, कोणीच वाचत नाही, सगळे अशीच सही करतात. ते खरं होतं आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. शेडमधला माझ्यावरचा राग कुठे तरी उतरून गेला होता. लोक उठले. निघताना प्रत्येक जण शेषरावभाऊंच्या अंगावरून गेला, आणि एकानेही त्यांना रामराम केला नाही. आतापर्यंत ते फसवला गेलेला माणूस होते. मी येऊन त्यांना न वाचता सही करणारा माणूस केलं.

ते मला बस थांब्यापर्यंत सोडायला आले. अकोटची बस येईपर्यंत आम्ही उभे होतो. मी माफी मागायला तोंड उघडलं. ते म्हणाले, "तुमाले हलकं वाटलं का?"

मी बस येते का ते पाहू लागलो.

"वाटलं असन," ते म्हणाले. "जा. लास्ट बस हाय."

शेषरावभाऊ सोडले तर त्या सात जणांपैकी कोणीही नंतर माझ्याकडे आलं नाही. नवी खाती त्यांनी दुसरीकडे उघडली. माझ्याविरुद्ध तक्रार झाली नाही, कारण तक्रार करण्यासारखं नियमात काही नव्हतं; कागद पूर्ण होते, सह्या जागेवर होत्या. आता मी अर्ज घेताना वाईट पान उघडून समोर ठेवतो. बरेच ग्राहक त्याने कंटाळतात आणि मोबाइलवर स्वतःच अर्ज भरतात. धंदा पूर्वीच्या निम्म्यावर आहे. हे मी कौतुकासाठी सांगत नाही. ज्यांना ते पान दाखवायचं होतं त्यांना दाखवलं नाही, आणि आता दाखवतो ते परक्यांना.

शेषरावभाऊ गेल्या उन्हाळ्यात एकदा आले. दीड वर्षाने. थोडे वाकलेले वाटले. त्यांना खातं बंद करायचं होतं. मी सांगितलं की होत नाही. खात्यात शेअर शिल्लक असले की खातं बंद करता येत नाही, आणि ते शेअर विकता येत नाहीत कारण व्यवहार बंद आहेत.

"म्हणजे मी मरेपर्यंत हे राहीन?"

"सध्या तरी तसंच."

"आन मेल्यावर?"

"वारस म्हणून तुमच्या मुलाचं नाव लावलेलं आहे. त्याच्याकडे जाईल."

ते बाकावर टेकले. मग म्हणाले, "त्याचं नाव काढा. हे त्याच्या नावावर नको."

मी म्हणालो की याने फारसा फरक पडत नाही, पण तसा अर्ज असतो. दोन पानांचा आहे. मी छापून त्यांच्यासमोर ठेवला आणि सवयीने सहीच्या जागेवर बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट बाजूला व्हायची वाट पाहिली. मी हात मागे घेतला.

त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि वाचायला सुरुवात केली. ओळीखाली नख धरून, ओठ हलवत. वारसाचं कलम, साक्षीदाराचं कलम, छापखान्याच्या बारीक अक्षरातली तळटीप. मागे दोन ग्राहक ताटकळत होते. एक जण घड्याळ पाहून निघून गेला.  दोन पानांना अर्धा तास लागला.

वाचून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं. "यातलं काई तुमाले मालूम हाय आन मले नाई, असं हाय का?"

"नाही भाऊ," मी म्हणालो. "काहीच नाही."

त्यांनी मान हलवली. मग चष्मा नीट केला, कागद उलटला आणि पहिल्या ओळीवर नख ठेवून पुन्हा वाचायला लागले.